पांढऱ्या दोऱ्याच्या शेंगा

माझे बाबा फक्त पँट शिवायचे. शर्ट नाही, कोट नाही, बायकांच्या कपड्यांचं तर नावच काढायला नको. कुणी कापड घेऊन आलं आणि म्हणालं, "मास्तर, यातच एक शर्टही बसवा की," तर ते कापडाची घडी पुन्हा घालून त्याच्या हातात ठेवायचे. "शर्टवाला चार दुकानं सोडून बसतो. तो पँट शिवत नाही, मी शर्ट शिवत नाही, म्हणून दोघांचं बरं चाललंय." सगळी गल्ली त्यांना पँटमास्तर म्हणायची. शाळेत मला 'पँटमास्तरची पोरगी' म्हणत आणि त्यावरून मी दोघींच्या वेण्या ओढल्या होत्या. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं सगळं त्या तापट डोक्याचंच आहे.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. कापायचं लांब टेबल, दोन मशीन, खुंट्यांवर टांगलेल्या एकेक पायाच्या अर्धवट पँटी. मधे स्वयंपाकघर. मागचं दार उघडलं की परस, आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. घराच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. पुढची खोली बाबांची, परस आईचा आणि स्वयंपाकघरात दोघांची भांडणं.

आई परसात पुष्कळ काय काय लावायची, पण तिचा जीव होता घेवड्यावर. त्या घेवड्याच्या हिरव्या शेंगांवर जांभळ्या रेघा असायच्या, कुणी शाईचं पेन चालतंय का बघायला ओढल्यासारख्या. बी तिला तिच्या आईने दिलं होतं, आणि तिला तिच्या आईने. बाजारात तो घेवडा मिळत नव्हता. पहिल्या शेंगा आल्या की ती दारातून हाक मारायची, "अहो, जरा येऊन बघा तरी!" आणि पुढच्या खोलीतून उत्तर यायचं, "येतो, येतो, एवढी चेन लावून होऊ दे." लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी त्यांची चेन काही लावून झाली नाही. शेंगा त्यांना ताटातच भेटायच्या.

मग आई आठवडाभराच्या आजारपणात गेली. त्यानंतर कधीतरी बाबांनी बटणं काढायला एका डब्यात हात घातला आणि मुठीत घेवड्याचं बी आलं. आई बी बटणांच्या जुन्या डब्यात ठेवायची. बाबा त्या मुठीकडे बघत किती वेळ बसले होते कोण जाणे, पण मी संध्याकाळी गेले तेव्हा दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं आणि मास्तर परसात उकिडवे बसून टेपने जमीन मोजत होते. टेपने! खडूने सरळ रेघ आखून, वीत-वीत अंतरावर खुणा करून त्यांनी ते बी लावलं. वेलाला बांधलेल्या सुतळ्या इतक्या ताठ होत्या की त्यांच्यावर इस्त्री फिरवल्यासारखं वाटायचं. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, वेलाला खिसे किती लावणार?" बाबा हसले नाहीत. बीज उगवलं आणि त्या दिवसापासून परस त्यांचा झाला.

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. आता कशाला? ती हाका मारत होती तेव्हा यायचं होतं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरं आहे तुझं." एवढंच. समोरचा माणूस भांडतच नसेल तर माझ्यासारखीने काय करायचं?

दरवर्षी बी धरलं की बाबा खिशाच्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांच्या इवल्याशा पिशव्या शिवत आणि मागेल त्याला बी देत. इस्त्रीवाल्या मावशी, शर्टवाले काका, कोपऱ्यावरचा औषधवाला, टपाल टाकणारा, सगळ्यांना. स्वतःपुरतं मूठभर ठेवत आणि तेही सगळंच्या सगळं लावून टाकत. हातचं राखून काही करणं त्यांना जमत नसे. "बाबा, थोडं डब्यात असू द्या," मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "जुनं बी किडतं. बी काय डब्यात बघत बसायला असतं?"

माझी मुलगी झाली आणि चालायला लागली तेव्हापासून दर रविवारी तिला मी बाबांकडे सोडायला लागले. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, सुई टोचायची, बाटलीवर चिठ्ठी लावायची, "पुढचा!" रविवारीही अर्धा दिवस असतो. तो 'पुढचा' माझ्या तोंडात इतका बसलाय की घरीही कुणी दोन वाक्यांवर तिसरं बोलायला लागलं की माझी मान आपोआप दाराकडे वळते.

पण रविवारी दुपारी मुलीला न्यायला गेले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी थोडी थांबायचे. त्या दोघांचं शेंगा काढणं बघण्यासारखं असायचं.

"आलं का माझं गिऱ्हाईक?" बाबा तिला गिऱ्हाईक म्हणत. "काय पाहिजे आज?"

"शेंगा."

"कोवळ्या की जून?"

"कोवळ्या. पण मीच कापणार."

"तुम्हीच कापा. आम्ही काय, आम्ही नोकर माणसं."

शेंग ओढायची नाही, हा पहिला नियम. ओढली की वेल दुखावतो. देठाला डाव्या हाताने धरायचं आणि उजव्या हाताने कात्रीने कच्चकन कापायचं. कात्री म्हणजे त्यांची धागे तोडायची छोटी कात्री. मी नऊ वर्षांची होईपर्यंत जिला हात लावला तर पाठीत धपाटा मिळायचा, ती! आणि ही चार वर्षांची चिंगळी ती कात्री घेऊन वेलाभोवती फिरायची आणि बाबा पिशवी पसरून मागे मागे. ती मोजायची, "सात, आठ, नऊ, अकरा." बाबा म्हणायचे, "दहा कुठे गेली?" ती म्हणायची, "ती मी खाल्ली." खरंच खाल्लेली असायची, कच्ची. मी लहान असताना याच माणसाने माझ्याशी सलग पाच वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. खिडकीत उभी राहून मी हसायचे आणि आतून जळायचेही. दोन्ही खरं आहे.

ती पाच वर्षांची झाली त्या वर्षी बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पाच दिवस हॉस्पिटलात राहायचं होतं. परसाला पाणी घालायला म्हणून मी आणि मुलगी त्यांच्या घरी राहायला गेलो. तिच्या शाळेला सुट्टीच होती.

आता हे मला नीट सांगायला हवं. बाबांनी मला तीनदा सांगायचा प्रयत्न केला. हॉस्पिटलात जाताना रिक्षात म्हणाले, "घेवड्याचं एक सांगायचं राहिलं." मी म्हटलं, "बाबा, आधी तुमचे रिपोर्ट कुठे ठेवलेत ते सांगा." भरती झाल्यावर पलंगावर बसून म्हणाले, "त्या खालच्या शेंगा आहेत ना..." तेवढ्यात नर्स आली आणि मी तिच्याशी वाद घालायला वळले, कारण रक्त काढताना तिने पट्टा फार वर बांधला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केला, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, खोल गेलेल्या आवाजात. "परसाचं जरा ऐक," म्हणाले. मी कामावर होते, समोर अकरा माणसं. मी म्हटलं, "बाबा, तुमचं शेंगपुराण घरी आलात की ऐकते. पाणी घालतेय मी. झोपा आता." आणि फोन ठेवला.

ते घरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "आई, आजोबांसाठी शेंगा काढूया."

कल्पना छान होती. वेल उतरणीला लागला होता, पानं पिवळी पडत होती, फुलं संपली होती. कोवळ्या शेंगा शोधून शोधून ओंजळभर निघाल्या. एवढ्याशा भाजीत चार माणसांचं काय होणार? मग माझं लक्ष बुंध्याशी गेलं. तिथे चौदा शेंगा होत्या, चांगल्या टपोऱ्या, फुगलेल्या, आणि प्रत्येकीच्या देठाला पांढरा दोरा बांधलेला.

पांढरा दोरा. शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीला पांढरा दोरा काय असतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. पँट आधी कच्च्या शिलाईने जोडायची, तो दोरा पांढरा. गिऱ्हाइकाने घालून बघितली, पक्की शिलाई मारली, की पांढरा दोरा काढून टाकायचा. ते काढायचं काम लहानपणी माझं. शाळेतून आले की जमिनीवर बसून मी ढीगभर पँटींचे पांढरे दोरे उसवायचे. माझ्या बोटांना पांढरा दोरा दिसला की ती एकच गोष्ट ओळखतात: हे काढायचं. बाबांच्या लेखी मात्र तोच दोरा म्हणजे काम अजून पुरं झालेलं नाही, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. एकाच खोलीत बसून आम्ही दोघं वर्षानुवर्षं तो दोरा हाताळत होतो आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

मला वाटलं, काढायच्या म्हणून खूण करून ठेवल्यात आणि ऑपरेशनच्या गडबडीत विसरले.

"चल, या काप," मी मुलीला म्हटलं.

तिने कात्री धरलेला हात मागे घेतला. "या नाही. या आजीच्या आहेत."

"आजी कुठे आहे आता खायला?"

मी हे बोलले. हेच शब्द, त्याच परसात उभी राहून.

"आजोबा म्हणाले, यांना हात नाही लावायचा. त्या झोपल्यात."

"झोपल्या नाहीत, जून होतायत. आजोबांना हल्ली नीट दिसत नाही. आण ती कात्री."

तिने कात्री दिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मी कापल्या. चौदाच्या चौदा. देठाचे पांढरे दोरे उसवून त्यांची सवयीने गोळी केली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. इतक्या वर्षांनी बोटांना ओळखीचं काम मिळालं म्हणून बरंसुद्धा वाटलं मला. मुलीने हात अजून पाठीमागेच धरले होते. तिचा हिरमोड झाला असं समजून मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "हे बघ, उद्या आजोबांना सांगायचं की या सगळ्या तूच काढल्यास. किती खूश होतील! सांगशील ना?"

"पण..."

"सांगशील ना?"

"हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा बाबांना घेऊन आला. मी सकाळीच भाजी करून ठेवली होती. आम्ही सगळे जेवायला बसलो. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "शेंगा जराशा जून वाटतात का?" शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसलाच प्रकार, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? बाबांनी ताटातली एक शेंग बोटांनी उघडली. आतला दाणा मोठा होता, टपोरा. ते त्या दाण्याकडे बघत राहिले.

"या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "परसातल्याच की. बुंध्याशी होत्या."

"कुणी काढल्या?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता आणि तो ऑपरेशनमुळे नाही, एवढं मला कळलं. काहीतरी मोठं चुकलंय हेही कळलं. मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. आणि मी भाताचं भांडं पुढे ओढलं.

"मी," ती म्हणाली.

"हो का?" बाबा म्हणाले. "छान झाल्यात. पोटभर खा."

त्यांनी ताटातली शेंग न् शेंग खाल्ली. मग पोटाला हात लावून, एकेक पाऊल टाकत परसात गेले. मी मागून गेले. ते वेलाच्या बुंध्याशी वाकता येत नव्हतं म्हणून नुसते उभे होते.

"बाबा, काय झालं?"

"बी होतं ते," ते म्हणाले. "आणखी दहा-बारा दिवसांत वाळलं असतं."

"सगळं?"

"सगळंच. वरच्या शेंगांचं बी बारीक धरतं, म्हणून तुझी आई बुंध्याच्याच ठेवायची."

मी खिडकीच्या कट्ट्यावरच्या त्या दोऱ्याच्या गोळीकडे बघत होते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकीला काही बोलू नकोस हं. लहान आहे, तिला काय कळतंय."

मी तोंड उघडलं होतं. खोटं कशाला बोलू, 'मी कापल्या' हे दोन शब्द अगदी ओठांवर होते. पण आईचा घेवडा, तिच्या आईचा, तिच्या आईच्या आईचा, आणि तो मी, केस पांढरे व्हायला लागलेली बाई, भाजीत घालून शिजवला, हे त्या माणसाला टाके ओले असताना सांगायचं? नंतर सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. आणि मोठ्याने म्हटलं, "नाही बोलणार."

पाच वर्षांच्या पोरीला मी माफ केलं, माझ्या गुन्ह्याबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून मी बी शोधायला निघाले. बैल गेला आणि झोपा केला. मला वाटलं होतं, गल्लीभर वाटलंय, कुणाकडे तरी मूठभर असेलच. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, लावला होता ना, पण आम्ही सगळा खाल्ला. बी कशाला धरायचं? मास्तर देतात की दर वर्षी!" शर्टवाले काका हेच म्हणाले. टपालवाल्याचं अंगण फरशी घालून बंद झालं होतं. औषधवाल्याने मोठ्या उत्साहाने फडताळातून काचेची बाटली काढली, त्यात अस्तराची पिशवी तशीच बांधलेली होती. उघडली तर बियांना भोकं आणि तळाशी पीठ. त्यालाही फार वाईट वाटलं बिचाऱ्याला. "मास्तर आहेत म्हटल्यावर आपण काय काळजी करायची," तो म्हणाला. सगळ्यांनी एका माणसावर भरवसा टाकला होता आणि त्या माणसाने बी पाच दिवस माझ्यावर सोडलं होतं.

बाबांनी वेल उपटला नाही. तीन आठवडे रोज पाणी घातलं, पिवळी पानं खुडली, सावलीला जुनं अस्तर बांधलं. तीन फुलं आली, त्यातली दोन गळली. एक शेंग धरली, बोटाच्या पेराएवढी. तिला त्यांनी दोरा बांधला. ती वाळली तेव्हा आत दोन दाणे निघाले, सुरकुतलेले. दोन्ही त्यांनी पत्र्याच्या डब्यात माती घालून लावले आणि डबा दुकानात मशीनशेजारी ठेवला. गिऱ्हाईक माप देत असताना त्यांचं लक्ष डब्याकडे असायचं. महिन्याभराने त्यांनी माती परसात ओतली आणि डबा धुऊन ठेवला.

पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातून पाकिटातलं बी आणलं. तोही घेवडाच, हिरवागार, गुळगुळीत, कुठे रेघ नाही. खायला बरा होता. आजीचा घेवडा नसला तरी आजोबा-नातीचं शेंगा काढणं पुन्हा सुरू झालं, दर रविवारी, तीच कात्री, तीच पिशवी. खिडकीतून मला दिसायचं. कधी कधी दोघं डोकं जवळ आणून काहीतरी कुजबुजायचे आणि मी दारात आले की गप्प व्हायचे. मला वाटायचं, गोळ्या-बिस्किटांचा काही कट असेल.

मी सांगणार होते. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की ते झिजून गुळगुळीत झालंय. त्यांच्या वाढदिवसाला सांगणार होते. आईच्या श्राद्धाला सांगणार होते. एकदा तर दुकानात जाऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलेही. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बोल." त्यांना इतकं निवांत बसलेलं मी फार कमी वेळा बघितलं होतं. मी म्हटलं, "ह्यांच्या पँटची चेन बिघडलीय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर उतरवला. मग म्हणाले, "आणून दे."

आणि गोष्ट सांगितली नाही की ती आपली आपण वाढते. घरात ती थट्टा होऊन बसली. 'हिने लहानपणी आजीचा घेवडा संपवला', 'हिच्या हातात कात्री देऊ नका रे', असं नवरा म्हणायचा, माझी नणंद म्हणायची, शर्टवाले काका तर भेटले की म्हणायचेच. मुलगी हसायची. बाबा कधी हसले नाहीत. कुणी तो विषय काढला की ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला घेऊन परसात जायचे. मी तिथेच बसलेली असायचे, कधी कप उचलत, कधी पदर सारखा करत.

मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना बाबा गेले. छातीचा त्रास, चार दिवस हॉस्पिटल. शेवटच्या दिवशीही मी बाहेर डॉक्टरांशी भांडत होते आणि आत मुलगी त्यांच्याजवळ बसली होती. मग दुकानाची खोली आम्ही एका चष्मेवाल्याला दिली. परसात त्याने खोकी ठेवलीत.

गेल्या महिन्यात शर्टवाले काका आमच्याकडे आले होते. आता त्यांचं फार वय झालंय. मुलगी तेरा वर्षांची आहे, उंच झाली आहे. ती त्यांना पाणी द्यायला आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "हीच ना ती? मास्तरांचा घेवडा संपवणारी!" आणि बोळक्या तोंडाने खूप हसले. मुलगी म्हणाली, "हो काका, मीच ती."

इतक्या सहज म्हणाली. म्हणजे आता हे तिच्या अंगाला चिकटलं. मी मरेन आणि ही म्हातारी होऊन आपल्या नातवंडांना सांगेल की मी आजीचा घेवडा संपवला. काका गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर पाय पसरून पुस्तक वाचत होती. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्याच, एका दमात सांगून टाकलं. की त्या शेंगा तू नाही, मी कापल्या. तू नको म्हणत होतीस. तुला 'मी' म्हणायला मीच शिकवलं आणि नंतर आठ वर्षं तोंड शिवून बसले.

तिने पुस्तक छातीवर ठेवलं. "अगं आई, मला माहितेय. मी तिथेच होते की."

"आठवतंय तुला?"

"सगळं. दोऱ्यांची गोळीपण."

"मग बोलली का नाहीस कधी? एवढे लोक चिडवत होते तुला..."

"आजोबांना सांगितलं होतं ना मी. लगेच पुढच्याच रविवारी. खूप रडले होते मी, खोटं बोलले म्हणून."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, मला ताटावरच कळलं होतं. तू दोऱ्याच्या शेंगेला हात लावणार नाहीस, हे मला माहीत नाही का? म्हणाले, तू काही चुकली नाहीस." तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "आणि म्हणाले, आपण दोघांनी हे कुणाला बोलायचं नाही. आईला स्वतःहून सांगू दे, म्हणजे तिला मोकळं वाटेल. आपण विचारलं तर ती चिडेल, आणि मग कधीच सांगणार नाही."

ओळखत होते ते मला, पुरते.

"मग?"

"मग काय. दर रविवारी शेंगा काढताना विचारायचे, 'सांगितलं का गं आईने?' मी म्हणायचे, नाही अजून. मग म्हणायचे, 'असू दे. पुढच्या रविवारी सांगेल.'"

परसात डोकं जवळ घेऊन केलेली ती कुजबुज. मी पलंगावरची चादर सारखी करत राहिले. साडेतीन वर्षांत किती रविवार येतात, ते मोजायची मला हिंमत झाली नाही.

"आणि नंतर? विचारायचं सोडलं का त्यांनी?" मी विचारलं. सोडलं असावं, अशी फार आशा होती मला.

"नाही. हॉस्पिटलमध्येपण विचारलं, तू बाहेर डॉक्टरांशी बोलत होतीस तेव्हा," ती म्हणाली. "त्या दिवशी तर रविवारही नव्हता."